सणवार सांभाळून एकवीस किलोमीटर

भाद्रपदात गणपती-गौरी, आश्विनात नवरात्र आणि दिवाळी, मार्गशीर्षातले गुरुवार, लगेच संक्रांत आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन. हाफ मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलेल्या आईपुढची अडचण ही एवढीच आहे. तयारीचे चार-साडेचार महिने आणि घरातले वर्षभरातले सगळ्यांत कामाचे दिवस नेमके एकमेकांवर येतात. नेटवरून उतरवून घेतलेलं वेळापत्रक मोठ्या हौसेनं फ्रिजवर लागतं, हरतालिकेपर्यंत चालतं, गौरी जेवल्या की विस्कटतं आणि दिवाळीनंतर ‘यंदा राहू दे’ म्हणून खाली उतरतं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींचं पळणं असं सुटलं आहे. पाय थकले म्हणून त्यातल्या एकीचंही सुटलं नाही. ते वेळापत्रक त्यांच्या घरासाठी केलेलंच नव्हतं.

म्हणून माझं सांगणं असं, की वेळापत्रक कालनिर्णयावर मांडा. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाच्या मावशींच्या सुट्ट्या जिथे लिहिता, तिथेच. आधी सणांभोवती गोल करा, मग शर्यतीचा रविवार, आणि उरलेल्या रविवारांच्या चौकटीत किलोमीटरचा आकडा. या क्रमानं केलं की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. लांब पळण्याच्या कुठल्याही चांगल्या तयारीत दोन-तीन आठवडे अंतर वाढवलं की एक आठवडा हलका ठेवतात. शरीर बळकट होतं ते या विसाव्यात. दम लवकर वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध सावकाश तयार होतात आणि त्यांना हा विसावा लागतोच. आता तिथी पाहा. गणेश चतुर्थीपासून घटस्थापनेपर्यंत साधारण सव्वीस दिवस. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत वीस. म्हणजे हलका आठवडा जिथे हवा, जवळपास तिथेच सण येतो आहे. गौरींच्या आठवड्यात दोनदाच, अर्धा-अर्धा तास पळायचं, हे जुलैमध्येच ठरवून लिहिलं असेल, तर सप्टेंबरमध्ये काही बुडाल्याची रुखरुख लागत नाही. ती रुखरुखच पुढे पळणं सोडायला लावते.

तुम्ही आत्ता न थांबता अर्धा तास सावकाश पळू शकता, असं मी धरून चालते. ते जमत नसेल, तर चैत्र-वैशाखातच सुरुवात करा आणि चालत-पळत करा. दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत जगभर रुजवली. तिनं पूर्ण मॅरेथॉन करणारे असंख्य लोक आहेत, तेव्हा मध्येच चालण्यात कमीपणा मानू नका. वेगाची कसोटी एकच ठेवा. शेजारी पळणाऱ्या मैत्रिणीला पूर्ण वाक्य बोलून दाखवता आलं पाहिजे. घड्याळ काहीही सांगो, तीन शब्दांनंतर दम लागत असेल तर तो वेग आज तुमचा नाही.

आठवड्यात तीन दिवस पुरेत. दोन दिवस अर्धा-पाऊण तास आणि एक दिवस लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यांत लांब पळणं. चौथा दिवस मिळाला, तर घरातच वीस मिनिटं उठाबशा, टाचा उचलणं, प्लँक असा व्यायाम करा. चाळिशीच्या पुढे याची गरज पळण्याइतकीच असते.

श्रावणात लाँग रन सहा किलोमीटरपासून आठपर्यंत न्या. पाऊस असतोच. भिजलेले बूट उन्हाची वाट पाहत ठेवू नका. आतला पातळ तळवा बाहेर काढा, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभरानं बदला आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. सुती मोजे ओले झाले की फोड आलेच, म्हणून पावसाळ्यात सिंथेटिक मोजे घाला. मंगळागौरीला बोलावणं असेल, तर आनंदानं जा आणि दुसऱ्या दिवशीचं पळणं रद्द करा. दोन तास फुगडी, पिंगा, झिम्मा खेळणं हा सोपा व्यायाम नाही. बसफुगडीनं मांड्या अशा भरून येतात, की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. त्या पायांनी लाँग रन केला तर गुडघा बोलणारच.

गणपती-गौरींचा आठवडा हलका. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे शहरात रस्त्यावर पळू नका. गुलाल, चिखल आणि चपलांचा खच यांत पाय घसरतो. मैदान गाठा किंवा विश्रांती घ्या. नंतरचा पितृपंधरवडा मात्र हातचा जाऊ देऊ नका. या दिवसांत बारशी, साखरपुडे, वास्तुशांती नसतात, पाहुणे कमी, बोलावणी जवळपास नाहीतच. घरचं श्राद्ध असेल तो दिवस सोडला, तर वर्षातला हा सगळ्यांत मोकळा काळ आहे. नऊ, दहा, अकरा किलोमीटर इथे पदरात पाडून घ्या.

नवरात्रात गरब्याला जात असाल, तर तेही पळण्याच्या हिशोबात धरा. काँक्रीटवर अनवाणी तासन्‌तास उड्या मारल्या की नडगी आणि टाच दुखावते. दुखलेली टाच महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही. मी तर दोन रात्री गरबा आणि बाकीच्या रात्री नुसतं बघणं असंच सुचवेन. दसरा ते दिवाळी या तीन आठवड्यांत बारा-तेरा किलोमीटरपर्यंत पोचा, पण तिसरा आठवडा फराळाचा आहे हे विसरू नका. गॅससमोर चार तास उभं राहून चकल्या तळणं, ओट्यावर वाकून शंकरपाळ्यांचं पीठ मळणं, यानं पोटऱ्या आणि कंबर थकते. ती थकलेली आहे हे मान्य करून दुसऱ्या दिवसाचं पळणं ठरवा. अनारसे, करंज्या बसून करता येतात, तेव्हा जमेल ते काम ओट्यावरून टेबलावर आणा. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा फटाक्यांचा धूर दुसऱ्या दिवशी सकाळीही हवेत खाली साठलेला असतो. त्या दोन दिवसांत बाहेर पळू नका. दम्याचा त्रास असेल तर आणखी एक दिवस थांबा.

भाऊबीज झाली की खरी तयारी सुरू होते. पंचांगाप्रमाणे इथून संक्रांतीपर्यंत आठ ते बारा आठवडे मिळतात. हवा थंड होते, मुलांचं सत्र नुकतंच सुरू झालेलं असतं. चौदा, पंधरा, मग एक हलका आठवडा दहाचा, नंतर सोळा आणि शेवटी अठरा. हा अठराचा लाँग रन शर्यतीच्या तीन आठवडे आधी उरकलेला असावा. दिवाळी नोव्हेंबरात आली आणि आठवडे कमी पडले, तर सोळा-सतरावर थांबा. शर्यतीच्या दिवशी वरचे चार-पाच किलोमीटर निघतात. घाईनं केलेली वाढ मात्र पोटरीत किंवा नडगीत निघते.

एवढं कागदावर झालं. ते घडायचं तर घरातली सकाळ बदलावी लागते, आणि याविषयी मला मोकळेपणानं बोलायचं आहे. बहुतेक जणी सगळी कामं आटोपून उरलेल्या वेळात पळू पाहतात. उरलेला वेळ नावाची गोष्ट घरात नसते. त्याऐवजी तीन दिवस ठरवा आणि त्या तीन दिवसांची सहा ते सात ही वेळ कुणाकडे सोपवायची ते नावानिशी सांगा. ‘मला मदत करा’ या वाक्यावर कुणी हलत नाही. ‘मंगळवारी आणि गुरुवारी दूध तापवणं, पाण्याच्या बाटल्या आणि धाकटीची वेणी तुमच्याकडे’ असं म्हटलं की नवऱ्याला नेमकं काय करायचं ते कळतं. कणीक रात्री मळून ठेवा, भाजी चिरून डब्यात घाला. त्या दोन दिवसांच्या डब्याला उपमा, इडली किंवा पराठा असं एकच काहीतरी कायमचं ठरवून टाका. रविवार हा सगळ्यांचाच हक्काचा दिवस असतो. मुलं लहान असतील, तर लाँग रन शनिवारी किंवा शाळेची बस गेल्यावर आठवड्यात मधल्या दिवशी करा. रविवारीच पळायला हवं असं कुठेही लिहिलेलं नाही.

सासूबाईंना, आईला आधीच सांगा, आणि नुसतं ‘पळायला जाते’ एवढ्यावर थांबू नका. किती वाजता परत येणार, कुठल्या रस्त्यानं जाणार, बरोबर कोण आहे, हे सगळं सांगा. बऱ्याच घरांत विरोध म्हणून जे दिसतं ती काळजी असते. पहाटे साडेपाचला सून किंवा मुलगी एकटी अंधारात बाहेर पडते, ही काळजी खोटी नाही. म्हणून उजाडेपर्यंत दोघी-तिघींनी मिळून पळा, पांढरे किंवा चकचकीत पट्ट्याचे कपडे घाला, कानात गाणी लावू नका, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं पळा आणि फोनवर घरच्या एकाला आपलं ठिकाण दिसेल अशी सोय करा. मुंबईत मरीन ड्राइव्ह, पुण्यात विद्यापीठाचा परिसर किंवा तळजाई, कोल्हापुरात रंकाळा, नागपुरात अंबाझरी इथे सकाळी माणसांची वर्दळ असते. गावात असाल, तर शाळेच्या मैदानाच्या फेऱ्या मारा. कंटाळा येतो खरा, पण पाय तयार होतात.

आता उपासांचं. ज्यांना करायचा आहे त्यांनी उपास जरूर करावा. मी फक्त पळण्याशी त्याचा मेळ कसा घालायचा तेवढं सांगते. हरतालिकेचा उपास पुष्कळ घरांत निर्जळी असतो. त्या दिवशी पळू नका आणि दुसऱ्या दिवशीही नको. अंगातलं पाणी भरून यायला वेळ लागतो, शिवाय दुसऱ्या दिवशी मोदकांना उभं राहायचंच असतं. सोमवार, गुरुवार, एकादशी यांसारख्या एका दिवसाच्या उपासाला अर्धा तास सावकाश पळायला हरकत नाही, पण लाँग रन त्या दिवशी ठेवू नका. पळण्याआधी एक केळं किंवा दोन-तीन खजूर खा. साबुदाण्याची खिचडी पिष्टाची म्हणून ताकद देते, पण शेंगदाण्याचं कूट आणि तूप यांमुळे ती पोटात बराच वेळ राहते. ती खाल्ल्यावर निदान तीन तास पळू नका. उकडलेलं रताळं, राजगिऱ्याच्या लाह्या आणि दूध, वरीचा भात आणि दही हे खिचडीपेक्षा मानवतं. ताकात किंवा लिंबाच्या सरबतात सैंधव घाला. नवरात्राचे नऊ दिवस करणार असाल, तर दही, दूध, पनीर, शेंगदाणे रोजच्या रोज पोटात गेले पाहिजेत. नुसत्या बटाट्यावर आणि साबुदाण्यावर पायांचे स्नायू भरून निघत नाहीत. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर उपास आणि पळणं एकत्र करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

रक्ताची तपासणी याहून महत्त्वाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. निम्म्याहून जास्त! जिने चढताना धाप लागते, नेहमीच्या वेगालाच दम लागतो, केस गळतात, आणि आपण म्हणतो, वय झालं. तयारी सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन या दोन्ही तपासण्या करून घ्या. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असणं म्हणजे रक्तक्षय, आणि ते १२ च्या वर असूनही साठ्यातलं लोह आटलेलं असू शकतं. ते फेरिटिनवरून कळतं. गोळ्या घ्यायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्या. घरात पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा, अळिवाचे लाडू बाळंतिणीपुरते ठेवू नका आणि जेवणाला लागूनचा चहा तासभर पुढे ढकला. चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही.

पाळीबद्दलही लिहायलाच हवं. गौरी, नवरात्र किंवा घरचं कार्य आलं, की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून आणून घेतल्या जातात. एखादी शर्यतीसाठीही घेते. मैत्रिणीनं सांगितलं म्हणून या गोळ्या घेऊ नका. अर्धशिशी, रक्ताच्या गुठळ्यांचा पूर्वेतिहास, यकृताचा आजार असेल तर त्या धोक्याच्या ठरू शकतात. एरवीही पोट फुगणं, मळमळ, डोकेदुखी होते. पाळीत पळता येतं. पहिल्या दिवशी पोटात दुखत असेल तर चाला, बरं वाटत असेल तर पळा. लाँग रन तारखेच्या आसपास आला, तर दोन दिवस मागेपुढे करा. कालनिर्णयावर पाळीची खूणही करत जा. दोन-तीन महिन्यांत आपले कुठले दिवस जोरकस आणि कुठले जड असतात हे आपोआप दिसू लागतं.

नुकत्याच आई झालेल्यांसाठी वेगळं सांगते. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत बाळंतपणानंतर निदान बारा आठवडे पळू नये असं म्हटलं आहे. सिझेरियन झालं असेल तर घाई मुळीच करू नये. आधी चालणं, मग ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचं हलकं पळणं. पळताना, शिंकताना लघवी निसटत असेल, खाली जड वाटत असेल किंवा ओटीपोटात दुखत असेल, तर थांबा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. आपल्याकडे हा त्रास ‘बाळंतपणानंतर होतंच’ म्हणून वर्षानुवर्षं झाकला जातो. त्यावर उपचार आहेत आणि ते गुण देतात. अंगावर पाजत असाल, तर पाजून मगच बाहेर पडा, चांगल्या आधाराची ब्रा घाला आणि पाणी वाढवा. पॉला रॅडक्लिफला जानेवारी २००७ मध्ये मुलगी झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिनं न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली, हे खरं आहे. पण मधल्या काळात ताणामुळे तिच्या कमरेच्या हाडाला चीर गेली होती आणि तिला थांबावं लागलं होतं, हेही खरं. जगातल्या सर्वोत्तम धावपटूच्या हाडांनाही वेळ लागतो, तर आपण आपल्या हाडांना तो द्यायलाच हवा.

लाँग रन सव्वा-दीड तासाच्या वर गेला की वाटेत खायची सवय लावा. खजूर, गुळाचा खडा, अर्धं केळं, जे तुमच्या पोटाला चालेल ते. तहान लागेल तसं घोटघोट पाणी प्या. भीतीपोटी लिटरभर ढोसणंही घातक असतं, रक्तातलं मीठ उतरतं. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर ते बदला, आणि शर्यतीला कोरे बूट नकोत.

शर्यतीचा आठवडा मुंबईकरणींसाठी संक्रांतीचाच असतो. भोगीची भाजी-भाकरी खुशाल खा, पण शुक्रवारपासून पावटा, हरभरा, मटार, कच्ची कोशिंबीर बाजूला ठेवा. मऊ भात, वरण, बटाटा, दही यांवर या. गूळपोळीत तीळ, बेसन आणि तेल असतं. ती शनिवारी रात्री नको, रविवारी दुपारी हवी तेवढी खा. हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येतं आणि रथसप्तमी या तिसऱ्या रविवारच्या नंतरच येते. स्वतःकडचं हळदीकुंकू शर्यत झाल्यावर ठेवा. दुसऱ्यांकडची बोलावणी त्या आठवड्यात एक-दोनच घ्या आणि शुक्रवार-शनिवार पूर्ण घरी बसा. बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, आणायला एक्स्पोला जाल, तेव्हा मुलांना घेऊन तिथे तीन तास हिंडू नका. बिब घ्या आणि परत या.

शर्यतीत पहिले तीन किलोमीटर सगळं जग तुमच्या पुढे जाईल, जाऊ द्या. मुंबईच्या शर्यतीची ओळख असलेला पेडर रोडचा चढ आला, की पावलं आखूड करा, नजर आठ-दहा फुटांवर ठेवा, दम लागला तर चाला. मुलांना आणि घरच्यांना शेवटच्या टप्प्यात कुठे उभं राहायचं ते आदल्या दिवशी नेमकं ठरवून द्या, रस्त्याच्या डाव्या की उजव्या बाजूला तेसुद्धा. गर्दीत आई दिसली नाही म्हणून हिरमुसलेली मुलं मी पाहिली आहेत.

सोमवारी सकाळी सहाला डबा असतोच. त्याची सोय शर्यतीच्या आधीच करा. नवऱ्यानं पोहे करायचे की मुलांनी त्या दिवशी कॅन्टीनमध्ये खायचं, ते शुक्रवारी ठरलेलं असावं. पाय सोमवारपेक्षा मंगळवारी जास्त दुखतात, जिना उतरताना तर फारच. चार-पाच दिवस फक्त चाला, रोज आठ तास झोपा, वेदनाशामक गोळी घ्यावीशी वाटली तर रिकाम्या पोटी घेऊ नका. एका जागी टोचणारं, बोटानं दाखवता येणारं दुखणं आठवड्यात गेलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा. दहा दिवसांनी अर्धा तास सावकाश पळून पाहा. पुढच्या शर्यतीचं नाव मात्र लगेच नोंदवू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा असतात, तेव्हा आठवड्याला तीनदा अर्धा-पाऊण तास एवढंच ठेवा आणि गुढीपाडव्यानंतर नवीन तारखा बघायला घ्या.